स्लाउ ते स्क्रँटन: ब्रिटिश मालिका अमेरिकेत जाताना काय मागे राहतं?

स्लाउकर

नमस्कार मंडळी,

एका कामात मदत हवी आहे आणि त्यालाच जोडून एक प्रश्न आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी २००७ ते २०१२ इंग्लंडमध्ये स्लाउला नोकरी केली. लंडनच्या पश्चिमेचं गाव, हीथ्रो विमानतळाच्या पलीकडे. ट्रेडिंग इस्टेटमध्ये आमचं ऑफिस होतं आणि मी पेरोल बघायचे. आता न्यू जर्सीत एडिसनला असते.

बीबीसीची ‘द ऑफिस’ घडते ती याच स्लाउमध्ये. कागद विकणाऱ्या कंपनीची एक शाखा, तिचा साहेब डेव्हिड ब्रेंट आणि त्याच्या हाताखाली अडकून पडलेली माणसं. रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंट या दोघांनीच ती लिहिली. २००१ मध्ये सुरू झाली, २००३ च्या नाताळात संपली. सगळे मिळून १४ भाग. सुरुवातीला नावं येताना जी इमारत दिसते ती आमच्याच इस्टेटमधली. माझी बस तिच्यावरून जायची. पहिल्याच हिवाळ्यात टीममधल्या एका बाईंनी डीव्हीडीचा संच माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, हे बघ, म्हणजे इथली माणसं कधी हसतात आणि कधी हसल्यासारखं करतात ते तुला कळेल.

२००९ मध्ये मंदी आली आणि आमच्याकडे माणसं कमी केली. हिशेब पेरोलकडून जायचे, म्हणून मला नावं दोन दिवस आधीच माहीत होती. पहिल्या दिवशी ज्याने मला कॅन्टीन दाखवलं, त्या टीम लीडरचं नाव यादीत होतं. तो रोजच्यासारखा सगळ्यांचा चहा ट्रेमधून घेऊन आला. माझ्या कपात दोन चमचे साखर हे त्याला पाठ होतं. मी मान वर केली नाही, स्क्रीनवरच बघत राहिले. त्या रात्री घरी आल्यावर दुसऱ्या पर्वाचा शेवट पुन्हा लावला. ब्रेंटला काढून टाकलेलं असतं, आणि आयुष्यभर ऐट मिरवलेला तो माणूस वरिष्ठांपुढे नोकरीसाठी गयावया करतो. आधी मला ब्रेंटचा राग यायचा. त्या रात्रीपासून यायचा बंद झाला.

आता माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिचं ‘द ऑफिस’ म्हणजे अमेरिकेतलं, एनबीसीवरचं, स्टीव्ह कॅरेलचं; तिथला साहेब म्हणजे त्याने केलेला मायकल. २००५ ते २०१३, नऊ पर्वं, २०१ भाग. तिने सगळे दोनदा पाहिलेत. मागच्या ऑक्टोबरात तिच्या हट्टाखातर आम्ही गाडीने स्क्रँटनला, म्हणजे ती मालिका जिथे घडते त्या गावी, जाऊन आलो. कोळशाच्या खाणींचं जुनं गाव, टेकड्या, नावांच्या वेळी दिसणारा तो मनोरा. चित्रीकरण तिथे झालेलं नाही, ते कॅलिफोर्नियात झालं, हे तिलाही माहीत होतं. तरी मनोऱ्याखाली उभी राहून तिने फोटो काढले. परतताना गाडीत म्हणाली, “आई, तुझ्या ब्रेंटकडे बघून पोटात दुखतं. मायकल आपला वाटतो.” मला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं.

काम असं: आमच्या इथल्या मंडळात जानेवारीचे चार रविवार ‘जोडीने बघू या’ असा कार्यक्रम ठरवलाय. आधी मूळ ब्रिटिश मालिकेचा एक भाग, मग तिच्या अमेरिकन अवताराचा एक भाग, मग गप्पा. कोणत्या जोड्या घेऊ? आणि प्रश्न हा: मला जे वाटतं ते फक्त माझं स्लाउचं प्रेम आहे, की समुद्र ओलांडताना या मालिकांमधलं खरंच काही हरवतं?

---

रविवारची दुपार

ताई, एक जोडी फसलेलीही दाखवा. ‘कपलिंग’. स्टीव्हन मॉफॅटची ब्रिटिश मालिका, सहा मित्रमैत्रिणी, त्यांची प्रेमप्रकरणं. ‘फ्रेंड्स’ संपत आली होती, तिची जागा घेईल म्हणून एनबीसीने २००३ मध्ये गाजावाजा करून आणली. पहिल्या भागांत संहिता जवळजवळ तीच, विनोद तेच. चार भाग दाखवले आणि बंद केली. दोन्ही भाग लागोपाठ पाहिले की लक्षात येतं, वाक्य तेच असून हसू येत नाही. असं का होतं ते मला सांगता येणार नाही, पण तुमच्या गप्पांना चांगलं खाद्य आहे.

---

जुना डेट्रॉइटकर

स्लाउकरताई, तुमच्या प्रश्नाने मला पन्नासहून जास्त वर्षं मागे नेलं. पहिल्या रविवारी काय दाखवायचं ते मी सांगतो. ‘टिल डेथ अस डू पार्ट’ आणि ‘ऑल इन द फॅमिली’.

मी १९७१ च्या ऑगस्टमध्ये वेन स्टेट विद्यापीठात शिकायला डेट्रॉइटला आलो. खोली मिळाली हॅमट्रॅमकमध्ये. जवळजवळ चारही बाजूंनी डेट्रॉइटने वेढलेलं ते वेगळं गाव, त्या काळी जवळजवळ सगळं पोलिश. घरमालक मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम करायचे. त्यांच्या बैठकीत रंगीत टीव्ही होता आणि शनिवारी संध्याकाळी आठ वाजता त्या घरात कोणी बोलायचं नाही. मालकीणबाई मलाही बोलवायच्या, बशीत काही तरी ठेवायच्या.

‘ऑल इन द फॅमिली’चा आर्ची बंकर हा न्यू यॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणारा, कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेवरचा फोरमन. काळे, ज्यू, पोर्तो रिकन, विद्यार्थी, बायकांच्या चळवळी, सगळ्यांवर तोंडसुख घेणारा. आणि त्याच्याच घरात राहणारा, शिकणारा, डाव्या विचारांचा जावई माइक पोलिश वंशाचा! आर्ची त्याला येता-जाता पोलिश म्हणून हिणवतो. मी पहिल्या शनिवारी चोरून घरमालकांकडे बघत होतो, हे आता चिडतील म्हणून. ते हसत होते. पण त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा उठून आत गेला. त्या घरात तोच वाद रोज जेवताना व्हायचा, हे मला नंतर कळलं.

पुढच्या फेब्रुवारीत, १९ तारखेला, तो प्रसिद्ध भाग लागला. गायक-अभिनेता सॅमी डेव्हिस ज्युनियर आर्चीच्या घरी येतो, आणि निघताना फोटोची वेळ साधून आर्चीच्या गालाचं चुंबन घेतो. काळ्या माणसाने गोऱ्याचं. स्टुडिओतले प्रेक्षक किती वेळ हसत होते! आमच्या बैठकीत मालकीणबाईंनी तोंडावर हात ठेवला, मालकांनी मांडीवर थाप मारली. डेट्रॉइटमध्ये १९६७ ची दंगल होऊन पाच वर्षंही झाली नव्हती. त्या हसण्यात काय काय होतं ते मला तेव्हा पुरतं कळलं नाही, पण खोलीतली हवा बदलली एवढं समजलं.

मूळ ब्रिटिश मालिका मी पुष्कळ उशिरा पाहिली. जॉनी स्पेटने लिहिलेली, १९६६ पासून बीबीसीवर. तिथला आल्फ गार्नेट पूर्व लंडनमधल्या वॉपिंगचा, वेस्ट हॅम फुटबॉल क्लबचा कट्टर पाठीराखा, राणीचा भक्त, स्वतः कष्टकरी असून मत कायम हुजूर पक्षाला. वॉरन मिचेल त्या भूमिकेत असा काही ओरडतो की अंगावर येतो. त्याचा जावई लिव्हरपूलचा समाजवादी. म्हणजे बघा, तिथे भांडण वर्गाचं आहे: तू कामगार असून मालकांची बाजू का घेतोस? नॉर्मन लिअरने हे नाटक अमेरिकेत आणताना वर्गाच्या जागी वंश आणि व्हिएतनाम ठेवले, कारण अमेरिकेतली जेवणाची टेबलं त्यावरून दुभंगत होती. आणि आर्चीमध्ये त्याने स्वतःचे वडील घातले. बायकोला गप्प करायचा आर्चीचा जो ठरलेला शब्द आहे, तो आपल्या वडिलांचा, असं लिअरने सांगितलेलं आहे. एबीसी वाहिनीने दोन वेळा नमुन्याचा भाग करून घेतला आणि नाकारला. शेवटी १२ जानेवारी १९७१ ला सीबीएसने दाखवला, तोही आधी खुलाशाची पाटी लावून. त्यानंतर सलग पाच वर्षं ती देशातली पहिल्या क्रमांकाची मालिका होती.

तेव्हा ताई, माझं उत्तर: हरवतं. पण ज्याला आणता येतं तो माणूस आपल्या घरातली जखम शोधतो आणि तिच्यावर ती गोष्ट बसवतो. शब्द आणले तर ‘कपलिंग’ होतं.

आर्चीची खुर्ची आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात काचेच्या आड आहे. मी नातवाला दाखवायला घेऊन गेलो होतो. त्याला ती साधी जुनी खुर्ची वाटली. मला हॅमट्रॅमकची बैठक दिसली.

---

स्लाउकर

काका, तुमचा प्रतिसाद वाचून मी थोडा वेळ काही केलं नाही. मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. तिने विचारलं, तो आत निघून गेलेला मुलगा परत येऊन बसला का कधी? जमलं तर सांगा.

पहिला रविवार ठरला. पण माझी शंका अजून तशीच आहे. आर्चीच्या बाबतीत जखम दुसरी सापडली, मान्य. ‘ऑफिस’मध्ये तर जखम दोन्हीकडे एकच आहे ना? कंटाळवाणी नोकरी, नालायक साहेब, मंदी. मग स्क्रँटनला गेल्यावर सगळं गोड का झालं?

---

संवादलेखिका

मी मुंबईत मराठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते, अकरा वर्षं झाली. ताईंच्या या दुसऱ्या प्रश्नावर मला बोलायचंच आहे, कारण ही गोष्ट मी हाताने केलेली आहे.

आधी मिनिटं मोजू. बीबीसीवर जाहिराती नसतात. अर्ध्या तासाच्या भागात साधारण २९ मिनिटं गोष्ट असते. अमेरिकेतल्या नेटवर्कवर त्याच अर्ध्या तासात साधारण २२. ही सात मिनिटं कापायची कुठून? प्रसंग काढता येत नाहीत, गोष्ट तुटते. मग कात्री लागते ती जिथे कोणी बोलत नाही तिथे. ब्रिटिश ‘ऑफिस’ आठवा: फोटोकॉपीच्या मशीनमधून कागद येतायत, कोणी पेन चावतंय, ब्रेंटच्या हाताखालचा टिम शून्यात बघतोय. स्लाउचा सगळा कंटाळा त्या रिकाम्या जागांत आहे. शिवाय जाहिरातीआधी प्रेक्षक धरून ठेवायला काही तरी घडवावं लागतं. आम्ही त्याला हुक म्हणतो. दर सात मिनिटांनी काही तरी घडणारं ऑफिस कंटाळवाणं राहील कसं?

पण खरी गोम भागांच्या संख्येत आहे. ब्रिटनमध्ये सहा भागांचं पर्व, लिहिणारे एक-दोघं, मनात असेल तेव्हा थांबायची मुभा. अमेरिकेत तेव्हा पर्व २२ ते २४ भागांचं आणि लिहिणारी दहाबारा जणांची खोली. तिथे जुना हिशेब असा की मालिकेचे साधारण १०० भाग झाले की तिची पुनःप्रक्षेपणं देशभरच्या स्थानिक वाहिन्यांना विकता येतात, आणि खरा पैसा तिथेच असतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून नजर शंभराव्या भागावर. चौदा भाग ब्रेंट सहन होतो. शंभर भाग दर आठवड्याला घरात घ्यायचा माणूस असा असून चालत नाही.

मी एका मालिकेत एक सासरे लिहिले होते. कंजूष, कडवट, सुनेला तोडून बोलणारे. साठ भागांचं काम म्हणून घेतलेलं. मालिका चालली, मुदत वाढली, आणि दुसऱ्याच दिवशी फोन: सासऱ्यांना मऊ करा. मी रडकुंडीला आले. मोठा पश्चात्ताप लिहिला तर माणूस खोटा होणार. शेवटी एक छोटा सीन लिहिला. रात्री सगळे झोपलेत, सासरे पाणी प्यायला उठतात, पॅसेजमध्ये सुनेच्या माहेरचा फोटो आहे, त्याच्यावर धूळ आहे. ते खांद्यावरच्या पंच्याने काच पुसतात आणि फोटो सरळ करून झोपायला जातात. संवाद नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खेकसतात. पण प्रेक्षकाने त्यांना घरात घेतलं होतं.

आता अमेरिकन ‘ऑफिस’च्या दुसऱ्या पर्वाचा पहिला भाग बघा, सप्टेंबर २००५ चा, मिंडी केलिंगने लिहिलेला. पहिलं पर्व सहा भागांचं होतं, त्याचा पहिला भाग तर मूळ संहितेवरूनच जवळजवळ उचललेला, जेलीत घातलेल्या स्टेपलरसकट. ते पर्व फारसं चाललं नाही. अमेरिकन मालिका घडवणाऱ्या ग्रेग डॅनियल्सला मायकल वळवायचा होता. प्रसंग काय, तर एका रेस्टॉरंटमध्ये ऑफिसचा बक्षीस समारंभ. मायकल माइक धरून नेहमीसारखा पाणचट बोलतोय, त्याची माणसं माना खाली घालून बसलीत. मग तिथले दुसरे गिऱ्हाईक, परके लोक, त्याची टर उडवतात, अंगावर काही तरी फेकतात. मायकलचा चेहरा उतरतो. तो आवरतं घेतो. आणि आत्तापर्यंत जीव नकोसा झालेली ती माणसंच टाळ्या वाजवायला लागतात, पुढे चालू ठेव म्हणतात. आम्ही त्याला हसू, तो आमचा आहे. तुम्ही कोण?

माझ्या फोटोच्या सीनचं काम तिथे तो प्रसंग करतो. तुमच्या मुलीला मायकल ‘आपला’ वाटतो, तो त्या संध्याकाळपासून.

मला हे गोड करणं वाटत नाही, ताई. ब्रेंटला कोणी नाही हे आपल्याला शेवटी कळतं. मायकलला कोणी नाही हे आपल्याला नऊमधली सात पर्वं, तो नोकरी सोडून जाईपर्यंत, दर आठवड्याला दिसतं, आणि दर आठवड्याला कोणी तरी त्याच्यासाठी थोडं थांबतं. लिहायला हे सोपं नाही.

---

स्लाउकर

पंच्याने पुसलेली काच! आता माझ्या डोळ्यांसमोरून जाणार नाही. तुमचं बरंच म्हणणं पटलं. पण त्या सात मिनिटांवर मला अजून थांबायचंय, कारण माझा सगळ्यात आवडता प्रसंग तिथेच राहतो.

दुसऱ्या पर्वाचा शेवटचा भाग. टिमचं रिसेप्शनवरच्या डॉनवर प्रेम आहे, ती लग्न ठरलेली आणि अमेरिकेला निघालेली. तो कॅमेऱ्याला मुलाखत देत असतो, मला काही फरक पडत नाही असं सांगत. मध्येच थांबतो. उठतो. कॅमेरा मागे धावतो. टिम डॉनला मीटिंगच्या खोलीत नेतो, दार लावतो, आणि आपल्या कपड्यांवरचा माइक काढून टाकतो. आवाज बंद. पूर्ण बंद. काचेतून, पडद्याच्या पट्ट्यांमधून दोन माणसं दिसतात, तो बोलतो, ती त्याला मिठी मारते, आणि मिठीवरूनच कळतं की उत्तर नाही असं आहे. तो बाहेर येतो, जागेवर बसतो, माइक लावतो आणि जाता जाता सांगितल्यासारखं सांगतो की ती नाही म्हणाली.

अमेरिकेत तोच क्षण दुसऱ्या पर्वाच्या शेवटी आहे, मे २००६ मध्ये. रात्र, पार्किंग, जिम पॅमला सांगतो की त्याचं तिच्यावर प्रेम आहे. चांगलं केलंय, माझेही डोळे भरून आले. पण तिथे आपल्याला प्रत्येक शब्द ऐकू येतो. आणि पुढे चुंबनही होतं.

स्लाउमध्ये पाच वर्षं मी हेच पाहिलं: महत्त्वाचं बोलायचं झालं की माणसं माइक काढून ठेवतात. यादीत नाव असलेल्या त्या टीम लीडरने शेवटच्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन फक्त एवढंच विचारलं की तुझ्या चहाचं आता कोण बघणार. मी हसले. तोही हसला. बस.

मुलीला हा प्रसंग काल दाखवला. आवाज गेला तेव्हा तिने रिमोट शोधला, तिला वाटलं टीव्ही बिघडला. मग कळलं तेव्हा ती सोफ्यावर पुढे सरकून बसली.

---

खाडीपलीकडे

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी ‘घोस्ट्स’ ठेवाच! माझं आजोळ आरोंदा, सावंतवाडी तालुक्यात, तेरेखोलच्या खाडीकाठी. पलीकडे गोव्याचं किरणपाणी. सीबीएसच्या ‘घोस्ट्स’मधल्या जोडप्याचं आडनाव काय असावं? आरोंदेकर! सॅम आणि जय आरोंदेकर. उत्कर्ष आंबुडकर हा नट जय झालाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मालिका मागे नेऊन पुन्हा ऐकलं आणि आईला फोन लावला.

मूळ बीबीसीची मालिका २०१९ ची. ॲलिसनला जुना वाडा वारशाने मिळतो, अपघातानंतर तिला तिथली भुतं दिसू लागतात. वाड्याच्या जागेवर जो जो मेला तो तिथेच अडकलेला, म्हणून भुतांची पंगत म्हणजे इंग्लंडचा सगळा इतिहास: आदिमानव, चेटकीण ठरवून जाळलेली बाई, मुंडकं उडालेला ट्यूडर सरदार, प्रेमात पडलेला कवी, महायुद्धातला कॅप्टन, पँट नसलेला हुजूर पक्षाचा खासदार.

अमेरिकेत वाडा हडसनच्या खोऱ्यात गेला आणि पंगत नव्याने मांडली. आदिमानवाच्या जागी व्हायकिंग. ट्यूडर सरदार अमेरिकेत आणणार कुठून? त्याऐवजी गोरे यायच्या आधीपासून त्या भूमीवर असलेला लेनापे जमातीचा सासापिस. दारूबंदीच्या काळातली काळी जॅझ गायिका. खासदाराच्या जागी वॉल स्ट्रीटचा पोरगा, पँट नसलेलाच. बाण लागून मेलेला स्काउट मास्तर मात्र दोन्हीकडे आहे. काकांनी म्हटलं ना, आपल्या घरातली जखम शोधायची; इथे आपल्या घरातले मेलेले शोधलेत.

मला सगळ्यात भिडतो तो फरक सैनिकांचा. ब्रिटिश कॅप्टनचं एका सहकाऱ्यावर प्रेम होतं, ते तो जवळजवळ अख्खी मालिका मनात धरून असतो; आपल्याला अंदाजानेच कळत जातं. अमेरिकन आयझॅक हा स्वातंत्र्ययुद्धातला अधिकारी, तो सगळ्यांसमोर कबूल करतो आणि त्याचं जुळतं कोणाशी, तर शत्रूपक्षाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याशी. ताई, तुमचं माइक काढणं आणि माइक चालू ठेवणं हेच की.

---

जुना डेट्रॉइटकर

स्लाउकरताई, तुमच्या मुलीला सांगा: तो मुलगा परत येऊन बसला. वडिलांना कारखान्यात अपघात झाला त्या वर्षी. मालिका चालू असायची आणि तो वडिलांच्या खुर्चीच्या हातावर टेकून उभा राहायचा. बोलायचे नाहीत एकमेकांशी. पण आत गेला नाही पुन्हा.

आणखी एक जोडी सुचवतो, ‘हाउस ऑफ कार्ड्स’. मूळ बीबीसीची, चार भागांची. १८ नोव्हेंबर १९९० ला सुरू झाली आणि २२ तारखेला मार्गारेट थॅचर यांनी राजीनामा जाहीर केला. पडद्यावर आणि बाहेर एकच नाटक. इयन रिचर्डसनचा फ्रान्सिस अर्कहार्ट हा खानदानी माणूस. राज्य करणं हा आपला जन्मसिद्ध हक्क आहे असं तो कॅमेऱ्यात बघून आपल्याला सांगतो. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये तोच कट वॉशिंग्टनला नेला, तेव्हा नायक झाला दक्षिण कॅरोलिनातल्या गॅफ्नीचा, पीचच्या बागा लावणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. दोघांचं पद एकच, पक्षाचे प्रतोद. दोघं खुनापर्यंत जातात. पण एकाला वाटतं हे माझंच होतं, दुसऱ्याला वाटतं मी हे कमावलं. अमेरिकेला खलनायकसुद्धा खालून वर आलेला लागतो. मी इथे पन्नासहून जास्त वर्षं आहे, हे मला अगदी खरं वाटतं.

---

रविवारची दुपार

फसलेल्या जोडीसाठी ‘कपलिंग’ऐवजी ‘फॉल्टी टॉवर्स’ जास्त बोलकं ठरेल असं आता वाटतंय. अमेरिकेने तीनदा प्रयत्न केला. १९८३ च्या ‘अमांडाज’मध्ये तर मूळ ब्रिटिश मालिकेतला हॉटेलमालक बेसिल फॉल्टी काढूनच टाकला आणि हॉटेलची मालकीण बाई केली. मूळ बेसिल झालेल्या जॉन क्लीझने हा किस्सा अनेकदा सांगितलाय: निर्मात्यांना विचारलं काही बदल केलेत का, तर म्हणाले एकच केलाय, बेसिलला काढलं. टॉर्कीच्या हॉटेलातला तो माणूस चिडतो कारण त्याला वरच्या लोकांत बसायचंय आणि गिऱ्हाइकांपुढे वाकावं लागतंय. तीच जखम काढली तर उरतं फक्त हॉटेल.

---

स्लाउकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीने आणि मी बसून ठरवलं. पहिल्या रविवारी आल्फ आणि आर्ची, सॅमी डेव्हिसचा भाग. काका, तुमची हॅमट्रॅमकची आठवण मी आधी वाचून दाखवू का? नाव घेणार नाही. दुसऱ्या रविवारी ‘घोस्ट्स’, कारण तेव्हा लहान मुलं असतात आणि आमच्यात दोन सिंधुदुर्गवाले आहेत. तिसऱ्याला बेसिलचा मूळ भाग आणि ‘अमांडाज’चं जेवढं मिळेल तेवढं. ‘हाउस ऑफ कार्ड्स’ अर्ध्या तासात बसत नाही, ती पुढच्या वर्षी.

चौथ्या रविवारी ‘ऑफिस’. मुलीने अट घातली की अमेरिकन बाजू ती मांडणार आणि बक्षीस समारंभाचाच भाग लावणार. मी म्हटलं चालेल, मग माझ्याकडून माइकचा भाग. त्यावर ती म्हणाली, “नको आई. तो दाखवला तर टिम-डॉनचं पुढे काय झालं ते कोणाला कळणार नाही. २००३ चा नाताळचा भाग लाव, सगळा.” तिने तो परवा एकटीने पाहिलाय. टॅक्सीत डॉन रंगांचा डबा उघडते आणि आत टिमची चिठ्ठी असते, तिथपर्यंत आल्यावर मला खालून हाक मारली होती. मी जिन्यातच बसून उरलेला बघितला.

तो दोन भागांचा आहे, जवळजवळ दीड तास. म्हणून चौथ्या रविवारी तीनऐवजी दोनला सुरू करू.

संवादलेखिका, एक विनंती. भारतातून आलेले चार-पाच आईवडील असतील, त्यांना ब्रिटिश उच्चार जड जातात. प्रत्येक भागाआधी वाचायला पाच-सहा ओळींचा मराठी सारांश लिहून द्याल का?

---

संवादलेखिका

देते, शनिवारपर्यंत. मुलीला सांगा, डब्याच्या प्रसंगाआधी दिवे लावू नकोस.